सोफा, क्रमांक सत्तेचाळीस

सोफा देतो असं अप्पा भर मीटिंगमध्ये बोलून बसले, तेव्हा बायकोला विचारायचं राहून गेलं होतं. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ एवढंच आहे. अप्पांनी नंतर बऱ्याच जणांना दोष दिला, त्यात दातांचे डॉक्टर आले, खालचे काका आले, जिन्याचं वळणसुद्धा आलं, पण सोफ्यावर जिचा सगळ्यात जास्त हक्क होता तिला विचारलं नव्हतं ते नव्हतंच.

मीटिंग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. तिथे एक हौशी नाटक मंडळ चालतं. वर्षाला एक नाटक, त्याचा एकच प्रयोग, आणि प्रेक्षकांत निम्मे नटांचे नातेवाईक. अप्पा पाणीपुरवठा खात्यातून भांडारपाल म्हणून निवृत्त झालेले. भांडारपाल म्हणजे खात्याच्या पाइपापासून पंख्यापर्यंत सगळ्या वस्तू ज्याच्या ताब्यात असतात आणि ज्याच्या सहीशिवाय खिळाही हलत नाही असा माणूस. एकतीस वर्षं तो मान घेतल्यावर घरी नुसतं बसणं जड जातं, म्हणून ते मंडळात आले. मंडळाने तीन महिन्यांत त्यांना एकच काम दिलं होतं, चहाचे कप मोजून परत कपाटात ठेवायचं. ते त्यांनी चोख केलं, पण कप मोजणाऱ्याची कोणी म्हणावी तशी दखल घेत नाही.

यंदाचं नाटक दिग्दर्शिकेने स्वतः लिहिलं होतं. ही मुलगी दिवसा प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत बसायची आणि संध्याकाळी मंडळाला वळण लावायची. नाटक आजच्या काळातल्या प्रेमाचं. दलालाच्या चुकीने एकच फ्लॅट दोन अनोळखी माणसांना भाड्याने मिळतो, दोघांपैकी कोणी हटत नाही, म्हणून बैठकीतल्या सोफ्यावर मधोमध चिकटपट्टी लावून दोघं तो वाटून घेतात. तिसऱ्या अंकात पट्टी निघते. तर दोन माणसांचा बऱ्यापैकी सोफा कोणाकडे आहे का, असं तिने विचारलं, आणि सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. अप्पांना ती शांतता सोसवली नाही. "आमचा आहे," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. निवृत्तीच्या समारंभानंतर त्यांच्यासाठी कोणी पहिल्यांदाच टाळ्या वाजवत होतं, त्या भरात ते "कधी नेताय?" असंही विचारून मोकळे झाले.

आता हा सोफा साधासुधा नव्हता. अप्पांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली त्या वर्षी त्यांच्या बायकोने अकरा दुकानांत बसून पाहून तो निवडला होता. मोहरीच्या रंगाचा, लाकडी पायांचा, बरोबर दोन माणसांचा. तीन माणसांचा घेतला तर तुम्ही आडवे व्हाल आणि मी पुन्हा खुर्चीवर, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, एवढीच तिची हौस होती. अप्पा बसायचे, नाही असं नाही. फक्त ते पेपर पूर्ण उघडून बसायचे, आणि ती काही बोलली की पानाआडून "हं" म्हणायचे.

सोफ्याची बातमी तिने शांतपणे ऐकून घेतली. हे लक्षण चांगलं नसतं हे एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर अप्पांना ठाऊक होतं. ते घाईघाईने म्हणाले, सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे, रविवारी प्रयोग झाला की सोमवारी सोफा घरी. त्यावर ती एवढंच म्हणाली, "सोमवारी म्हणजे सोमवारी. मंगळवार उजाडायला नको." आणि उठून भांडी लावायला लागली.

सोफा न्यायच्या दिवशी खालचे काका मदतीला आले. मदतीला म्हणजे सांगायला. काका निवृत्त भूमापक, सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली, त्यामुळे ते हातात टेप घेऊनच घराबाहेर पडतात. त्यांनी आधी सोफा मोजला, मग जिना मोजला, मग पुन्हा सोफा मोजला, आणि हा सोफा या जिन्याने उतरणं शक्य नाही असं जाहीर केलं. अप्पांनी लक्षात आणून दिलं की तो याच जिन्याने वर आलाय. काकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. वर चढवणं वेगळं आणि खाली उतरवणं वेगळं, असं ते म्हणाले.

मग मंडळातले तिघं आणि अप्पा सोफा उतरवायला लागले. काका दोन पायऱ्या खाली उभं राहून "डावीकडे घ्या" म्हणायचे. ते डावीकडे म्हणजे त्यांच्या डावीकडे, हे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कळलं, तोवर सोफा कठडा आणि भिंत यांच्यामध्ये असा पक्का बसला होता की तो वर जाईना आणि खाली येईना. चाळीस मिनिटं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कामावर जायचं होतं, त्यांनी सोफ्याखालून वाकून जायचा प्रयत्न केला, अर्ध्यात बेत बदलला, आणि परत घरात जाऊन सगळ्यांना चहा केला. शेवटी चौघांनी एकदम जोर लावला तेव्हा सोफा सुटला, आणि सुटताना मागच्या पायातून कट् असा बारीक आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला. लाकूड आहे, बोलतंच मधूनमधून, असं काका म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात ठेवला.

इथवर सगळं कोणाच्याही घरी घडेल तसंच झालं. पुढची चूक मात्र अप्पांसारख्या माणसाच्याच हातून होऊ शकते.

झालं होतं असं, की मंडळात आल्यावर पंधरा दिवसांतच अप्पांना कळलं होतं की या हॉलमध्ये टिकाऊ वस्तूंची नोंदवहीच नाही. खात्यात हिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. खुर्च्या किती, पंखे किती, कुठून आले, कुठे गेले, कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये. अप्पांना घाम फुटला. ते मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणतात. बाईंना अप्पा देवासारखे भेटले, कारण त्यांच्या काळात हॉलमधून दोन माइक, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक अख्खी शिडी नाहीशी झाली होती. दोघांनी मिळून रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर अप्पांनी वळणदार अक्षरात पाच नियम लिहिले. तिसरा नियम असा, की नोंद झालेली वस्तू निकामी ठरल्याशिवाय हॉलबाहेर कायमची जाणार नाही, मग ती आणणारा कोणीही असो. चौथा दुरुस्तीचा होता, तो लांबलचक असल्यामुळे बाईंनीही पूर्ण वाचला नाही. खाली सही केली.

सोफा हॉलमध्ये येऊन टेकला तेव्हा अप्पा पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन वस्तूंवर क्रमांक घालत होते. खुर्च्या झाल्या, पंखे झाले, एक बुटकं स्टूल झालं, ते शेहेचाळीस. पुढे सोफा उभा होता. हाताला लय लागली होती. शिवाय यात तत्त्वाचाही भाग होता. खात्यात जो तो साहेब "हे टेबल माझं घरचं आहे" म्हणायचा आणि अप्पा प्रत्येकाला ऐकवायचे, इथे आलं ते इथलं. स्वतःच्या सोफ्याला वगळलं असतं तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी सोफ्याच्या पाठीमागच्या लाकडी पट्टीवर सुबक सत्तेचाळीस काढला, रजिस्टरात ओळ भरली, बाईंची सही घेतली. फार समाधान वाटलं. घरी येऊन साबणाने हात धुताना मात्र त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. रंग बोटाचा निघत होता. सोफ्याचा निघणार नव्हता.

ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. योग्य वेळ आली की सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि ज्यांनी संसार केलाय त्यांना माहीत आहे की अशी वेळ येत नसते.

घरी सोफ्याच्या जागी दोन घडीच्या खुर्च्या आल्या. बायको त्यावर दोन संध्याकाळी बसली. तिसऱ्या दिवशी साडेपाचला तिने विणकामाची पिशवी उचलली आणि ती हॉलवर जाऊन सरळ आपल्या सोफ्यावर बसली. तालमीत कोणी उठा म्हटलं की उठायची, नट हलले की पुन्हा बसायची. बाईंनी तिला समजावलं की रजिस्टरातल्या वस्तू फक्त कलाकारांनी वापरायच्या. मग मला कलाकार करा, ती म्हणाली. दिग्दर्शिकेने तिला शेजारणीचं काम दिलं. पहिल्या अंकात येऊन "तुमच्याकडे शिडी आहे का?" एवढं विचारायचं. त्या एका वाक्याच्या जोरावर ती रोज अडीच तास सोफ्यावर बसायला लागली.

अप्पा घरी एकटे. पहिल्या दिवशी त्यांना बरं वाटलं, पेपर सलग वाचता आला. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता ते "हं" म्हणाले, आणि मग लक्षात आलं की कोणी काही बोललंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीपाशी नेली, मग दाराजवळ, मग पुन्हा होती तिथे. मुलीचा फोन आला तेव्हा ते तिच्याशी बावीस मिनिटं बोलले. "बाबा, तब्येत बरी आहे ना?" असं तिने दोनदा विचारलं. पाचव्या दिवशी सहा वाजता ते चपला घालून हॉलवर गेले आणि काही काम असेल तर सांगा म्हणाले.

काम होतं. नटांना विसरलेली वाक्यं सांगायला प्रॉम्प्टर हवा होता. रंगमंचाच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या टाकीची खोली, त्यामुळे प्रॉम्प्टरला लपायला एकच जागा, सोफ्याच्या मागे. अप्पा शेहेचाळीस क्रमांकाच्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसायला लागले. समोर नाकाच्या अंतरावर स्वतःच्याच हाताने काढलेला सत्तेचाळीस.

नाटकाचा नायक दातांचे डॉक्टर होते. गेली सहा वर्षं तेच नायक, कारण मंडळात केस काळे करायची तयारी असलेले तेवढेच एक. माणूस सज्जन, पण समोरचा माणूस तोंड उघडून गप्प बसलेलाच त्यांना आयुष्यभर दिसलेला. त्यामुळे दुसऱ्याने उलट बोलायला सुरुवात केली की ते गोंधळून जायचे आणि पुढचं सगळं विसरायचे. नायिका बँकेतली एक तरतरीत मुलगी होती. प्रयोगाला पंधरा दिवस उरले असताना तिची बदली झाली आणि ती गेलीसुद्धा.

दिग्दर्शिका पायरीवर जाऊन बसली आणि रडायची बाकी राहिली. तेवढ्यात सोफ्यावरून, हातातली सुई न थांबवता, अप्पांच्या बायकोने नायिकेचं पहिल्या अंकातलं लांब भाषण म्हणायला घेतलं. ते झालं, मग दुसऱ्यातलं म्हटलं. चार आठवडे ऐकून तिचं सगळं नाटक पाठ झालं होतं. दिग्दर्शिका म्हणाली, काकू, पण नायिका अठ्ठावीस वर्षांची आहे. बाई म्हणाल्या, नायक तरी कुठे आहे? भाडेकरू कोणत्याही वयाचे असतात. विषय तिथेच मिटला. आई नायिका झाली आणि बाबा सोफ्याच्या मागे बसतात हे कळल्यावर मुलीने त्याच दिवशी तिकीट काढलं.

नाटकात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य एकच. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका बॅग भरून निघालेली असते, शेवटचं म्हणून आपल्या अर्ध्या भागावर बसते, आणि नायक तिला म्हणतो, "तू नसलीस की घरात बसावंसं वाटत नाही." मग पट्टी ओढून काढतो आणि पडदा. डॉक्टर बरोबर याच वाक्याला अडायचे. रोज. "तू नसलीस की" म्हणून वर पंख्याकडे बघायचे, आणि मागून अप्पा उरलेलं वाक्य पुरवायचे. स्पष्ट, एका सुरात, एकही शब्द न गाळता.

एकदा तालीम संपवून घरी येताना बायको म्हणाली, की तुम्ही ते वाक्य पाइपांची यादी वाचल्यासारखं वाचता. अप्पांना लागलं. प्रॉम्प्टरचं काम शब्द पोचवायचं, भावना हे नटांचं खातं, असं ते म्हणाले. तिने विणकामाची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "हो, ते खातं तुमच्याकडे कधी नव्हतंच."

प्रयोगाच्या आधीच्या शुक्रवारी अप्पा बाईंकडे गेले. सोमवारी सकाळी सोफा नेतो, असं त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं. बाईंनी रजिस्टर उघडून पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं आणि तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं. अक्षर अप्पांचंच. अप्पा म्हणाले, पण सोफा माझा आहे. बाई म्हणाल्या, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणूनच नियम हवा, हे तुम्हीच मला सांगितलंत. सोफा निकामी आहे असं लिहून द्या, मी आत्ता सोडते. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही.

म्हणजे एक ओळ लिहायची होती. खालच्या काकांनी तर करवत आणायची तयारी दाखवली. डॉक्टरांनी विचार करून सांगितलं की एक पाय ते स्वतः काढून देतील, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, दुखणार नाही. पण अप्पांच्या हातून ते होईना. एकतीस वर्षांत मोठमोठ्या साहेबांनी चांगल्या मोटारी निकामी लिहायला सांगितल्या होत्या, आणि अप्पांनी एकदाही खोटी नोंद केली नव्हती. त्यापायी दोन बढत्या हुकल्या. आता स्वतःच्या सोफ्यासाठी लिहायचं? मग त्या बढत्या कशासाठी घालवल्या?

शनिवारी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. क्रमांक, नियम, सही, सगळं. ती खुर्चीवर बसून ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला तो परत हवाय तरी का? पेपर वाचायला तुम्हाला खुर्ची चालते."

याचं उत्तर अप्पांच्या अगदी ओठावर होतं. त्या पाच संध्याकाळी त्यांना चांगल्या आठवत होत्या. पण ते म्हणाले, "बघतो काहीतरी." ती आत निघून गेली, आणि अप्पा ओठावरच राहिलेल्या त्या उत्तरासकट बसून राहिले.

रविवारी सहाला प्रयोग सुरू झाला. हॉल भरला होता. मुलगी दुसऱ्या रांगेत, खालचे काका पहिल्या रांगेत, टेप खिशात. पहिला अंक बरा गेला. डॉक्टर फक्त दोनदा अडले. दुसऱ्या अंकात बायकोने भांडणाचा प्रवेश असा काही घेतला की टाळ्या पडल्या, आणि त्यातली काही वाक्यं नाटकात नव्हती, ती घरची होती, हे फक्त सोफ्यामागच्या माणसाला कळलं. अप्पांचा ऊर भरून आला. त्यांना कोणाला तरी सांगावंसं वाटलं, ही आमची. पण प्रॉम्प्टरला असं काही सांगायची सोय नसते.

तिसरा अंक. बॅग भरून झाली. ती येऊन पट्टीच्या अलीकडे आपल्या अर्ध्यावर बसली. डॉक्टर म्हणाले, "तू नसलीस की..." आणि त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

अप्पांनी वाक्य सांगितलं. तो बारा क्रमांकाचा पंखा नेमका तेव्हाच खडखडायला लागला होता. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. अप्पांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. इतकी वर्षं पेशंटची जी अवस्था ते करत आले होते ती आज त्यांची झाली होती. तिसऱ्या वेळी अप्पांनी आवाज लावून सांगितलं, तेव्हा पहिल्या चार रांगांनी ते वाक्य ऐकलं आणि हशा पिकला.

आणि मग बायकोने नाटकात नसलेली गोष्ट केली. ती वळली, सोफ्याच्या पाठीवर कोपर टेकलं, आणि खाली स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "परत म्हणा."

अप्पांनी घाबरून कागदात पाहिलं. हे वाक्य कागदात नव्हतं.

"कागद ठेवा खाली," ती म्हणाली. "आणि उभं राहून म्हणा. मागच्यांना ऐकू येत नाहीये."

दीड तास बुटक्या स्टुलावर बसून अप्पांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. उठायचं तर आधार हवा, म्हणून त्यांनी सोफ्याची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि सगळा भार टाकला. जिन्याच्या वळणावर जो पाय कट् म्हणाला होता, तो आता पूर्ण बोलला. मागचा कोपरा खाली बसला, सोफा कलला, आणि बायको पट्टी ओलांडून घसरत दुसऱ्या अर्ध्यावर गेली. हॉलमध्ये हसू फुटलं आणि मग थांबलं, कारण सोफ्याच्या मागे एक माणूस कपाळावर चष्मा चढवून उभा होता आणि त्याला काहीतरी बोलायचं होतं हे शेवटच्या रांगेलाही दिसत होतं.

"तू नसलीस की घरात बसावंसं वाटत नाही," अप्पा म्हणाले. वाक्य इथे संपत होतं. पण अर्धवट नोंद करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते पुढे म्हणाले, "हे सोफ्यामुळे नाही. मी खुर्चीवर बसून पाहिलं, खिडकीपाशी बसून पाहिलं, दारात बसून पाहिलं. कुठेच बसवत नाही."

बायकोचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिच्याकडे आज पदरही रिकामा नव्हता, त्यात नाटकातली बॅग अडकली होती. शेवटी डॉक्टरांना आपलं काम आठवलं. ते पुढे झाले, त्यांनी पट्टी धरली आणि ओढली. ती निम्मीच निघाली. पडदा पडला, आणि टाळ्या इतक्या वेळ वाजत राहिल्या की दिग्दर्शिकेला वाटलं हे आपणच लिहिलं होतं.

पडद्यामागे बाई रजिस्टर काखोटीला मारूनच आल्या. कौतुक नंतर, आधी काम. क्रमांक सत्तेचाळीस, पाय मोडला, सगळ्यांच्या देखत मोडला, लिहा निकामी, मी सही करते. सगळ्यांना हायसं वाटलं. अप्पा गुडघ्यावर बसले. त्यांनी चष्मा खाली घेऊन पाय पाहिला, खोबण पाहिली, बोटाने चाचपून पाहिलं. पाय सांध्यात निखळला होता. कोणताही सुतार अर्ध्या तासात बसवून देईल.

"निकामी नाही," अप्पा म्हणाले. "दुरुस्त होण्यासारखा आहे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मुलगी "बाबा" म्हणाली आणि पुढचं गिळून टाकलं. बायको चेहऱ्यावरचा रंग पुसायला लागली. अप्पांनी रजिस्टर हातात घेतलं, पहिलं पान उघडलं, आणि जो कोणी वाचला नव्हता तो चौथा नियम सावकाश वाचून दाखवला. मोडलेली वस्तू दुरुस्तीसाठी बाहेर पाठवता येते. कुठे पाठवली, कोणाकडे दिली, परत कधी येणार, हे तीन रकाने भरायचे. अप्पा भरायला लागले. कुठे, तर आपल्या घराचा पत्ता, तिसरा मजला. कोणाकडे, तर बायकोचं पूर्ण नाव, तिच्या माहेरच्या आडनावासकट, चांगल्या अक्षरात. परतीच्या तारखेपाशी पेन थांबलं.

एक रकाना कोरा राहिला म्हणून अप्पांनी आयुष्यात शेकडो अर्ज परत पाठवले होते. लोक त्यांना शिव्या देत चार चार मजले उतरले होते. त्यांनी त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर बाईंना दिलं.

बाईंनी पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या, त्यांना ते दिसणारच होतं. "हा रकाना राहिला," त्या म्हणाल्या.

"हो," अप्पा म्हणाले. "राहू द्या."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या बायकोकडे पाहिलं, आणि सही केली.

सोमवारी सकाळी सोफा घरी आला. चढवताना खालच्या काकांच्या हातात निखळलेला पाय दिला होता, त्यामुळे त्यांना हात करून दिशा दाखवता आली नाही आणि सोफा सहा मिनिटांत वर पोचला. पाय आता कपाटात आहे. त्याच्या जागी नाटकाची प्रत घडी घालून ठेवलीय, पण ती पायापेक्षा उंचीला कमी पडते, म्हणून सोफ्याला अप्पांच्या बाजूला उतार आहे. काकांनी तो मोजलाय, सव्वा इंच भरतो, आणि दोन लाकडी ठोकळ्यांत सरळ करून देतो असं ते अजून म्हणतात. बायको त्यांना नको म्हणते. संध्याकाळी ती आपल्या बाजूला बसते आणि बोलता बोलता हळूहळू इकडे येते. एका बाजूला दोन माणसं झाली की पेपर पूर्ण उघडता येत नाही, त्यामुळे अप्पा तो घडी घालून बाजूला ठेवतात. उरलेली अर्धी पट्टी कोणी काढली ते दोघांपैकी कोणी कबूल करत नाही.

दर तीन महिन्यांनी बाईंचं पत्र येतं, क्रमांक सत्तेचाळीसच्या दुरुस्तीचं काय झालं ते कळवावं. अप्पा चांगलं पेन काढतात, मांडीवर कागद घेतात आणि बायकोला विचारतात, काय लिहू? जे खरं आहे ते लिहा, ती म्हणते. आणि अप्पा, ज्यांनी एकतीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही, ते दर वेळी लिहितात, काम चालू आहे.